बुद्धी वाढवायचं तेल

मालकांगणीच्या तेलाचा वास ज्यानं घेतला नाही, त्याले किळस काय असते हे सांगून कळायचं नाही. मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात परीक्षा जवळ आली की घरोघरी ते निघायचं. जंगलातल्या वेलीचं बी, त्याचं काळपट पिवळं तेल. बताशावर थेंब टाकून पोरांच्या तोंडात कोंबायचे. म्हणे बुद्धी वाढते. माझे बाबा जंगल खात्यात बाबू, म्हणून आमच्याकडे बाटली भरूनच यायचं.

माझं अकरावीचं वर्ष होतं, तेव्हा बोर्डाची परीक्षा अकरावीलेच असायची. पास झाली तर पुढं शिकेल, नापास झाली तर रामपायली गावच्या एका घरी लग्न, असं बाबांनी ठरवून टाकलं होतं. ते लोक मले पाहूनही गेले होते. धानाची शेती, भरलं घर, सगळं खरं. पण मले त्या घरी जायचंच नव्हतं. म्हणून मी जीव तोडून अभ्यास करायची, आन् तो माझ्या पद्धतीनं. पुस्तकं हिंदीतली, घरातलं बोलणं मराठी. माय तांदूळ निवडायले बसली की मी तिले अख्खा धडा मराठीत समजावून सांगायची. तिले कळला म्हणजे मले आला. गणितं कोळशानं ओसरीच्या फरशीवर सोडवायची, चुकलं की पाणी ओतायचं. गणितात माझा हात कोणी धरू शकत नव्हतं.

बाबांले यातलं काहीच दिसलं नाही. अभ्यास कोणीही करते, डोकं पाहिजे, असं म्हणत ते बताशा पुढं करायचे. गणिताच्या पेपरच्या दिवशी तर त्यांनी थेंबाचा हिशोबच सोडला. आज मोठा पेपर, म्हणून चमच्यानं पाजलं, तेही उपाशीपोटी. माय अडवत होती, तिचं ऐकतो कोण? आग रामेश्वरी आन् बंब सोमेश्वरी.

पहिलं गणित झालं, दुसऱ्याले हात घातला आन् पोटातून भडका उठला. सगळी उलटी उत्तराच्या कॉपीवर. तो तेलकट वास अख्ख्या खोलीत पसरला, पोरी नाकाले ओढण्या लावून सरकल्या. देखरेखीच्या बाईनं मले व्हरांड्यात नेलं. पाणी दिलं नाही. कानाशी तोंड आणून विचारलं, "महीना कब हुआ था?"

ती हे काहून विचारते, मले कळलंच नाही. वस्तीले मात्र संध्याकाळपर्यंत सगळं कळलं होतं. मी नळावर गेली की बाया गप्प व्हायच्या. एकीनं तर मायले बाजूले घेऊन, अमुक ठिकाणी एक दाई आहे, ती मोकळं करून देते, असंही सुचवलं. थू! तेलाची आली नव्हती एवढी शिसारी मले त्या तोंडांची आली.

निकाल लागला, गणितात पूरक, म्हणजे तेवढा एक पेपर पुन्हा द्यायचा. रामपायलीवाले आले, चहा घेता घेता आडून आडून विचारू लागले, त्या दिवशी पोरीले झालं काय होतं. मी दाराआड उभी. "तेल मी पाजलं," एवढंच तर बाबांले सांगायचं होतं. पण शिकलेला बाबू, त्याले स्वतःच्या अडाणीपणाची लाज वाटली.

"पित्त झालतं," बाबा म्हणाले, आन् जमिनीकडे पाहू लागले.

पाहुणे अर्धा चहा टाकून उठले. लग्न मोडलं याचा मले आनंदच झाला, खोटं काहून बोलू. पण ते गेल्यावर बाबा मायले म्हणाले की पूरकचा फॉर्म भरायचा नाही, पोरीले आता कोन्या तोंडानं शाळेत धाडू? चोर सोडून संन्याशाले फाशी. माझं डोकं फिरलं. मी बाहेर आली.

"ज्या तोंडानं पित्त सांगितलं," मी म्हटलं, "त्याच तोंडानं खरं सांगा ना, बाबा."

दुसऱ्या दिवशी बाबा फॉर्म भरून आले. मी पास झाली, पुढं शिकली, मास्तरीण झाली. तेलाचं मात्र त्यांनी मरेपर्यंत कोणाले सांगितलं नाही. माझ्या लग्नाच्या बैठकीत समोरच्यांनी पुन्हा तेच विचारलं, तेव्हाही नाही.