वाघाने उपाशी राहायचं

बाबा गेले त्या वर्षी मी वाघ-बकरीचा प्रोग्रॅम लिहिला. पीएच.डी.चा विषय आधीच ठरलेला होता: आपल्याकडचे पटावरचे जुने खेळ कम्प्युटरकडून पूर्ण सोडवून घेणे. खेळ सोडवणे म्हणजे पटावर होऊ शकेल अशी प्रत्येक मांडणी घ्यायची आणि शेवटाकडून मागे येत प्रत्येकीवर शिक्का मारायचा, इथून वाघ जिंकणार, इथून बकऱ्या, इथून कोणीच नाही. काम कंटाळवाणं असतं. मला तेव्हा तसंच हवं होतं.

सुरुवात वाघ-बकरीपासून केली, कारण त्याचे नियम कोणाला विचारायची गरज नव्हती. बाबांनीच मला तो फरशीवर खडूने पट आखून, चिंचोके मांडून शिकवला होता. वाघ मोजके, बकऱ्या पुष्कळ. वाघाने उडी मारून बकरी खायची, बकऱ्यांनी वाघाला हलायला जागा ठेवायची नाही. बकऱ्या एकेक करून पटावर उतरतात, आणि सगळ्या उतरेपर्यंत वाघाने उपाशी राहायचं.

प्रोग्रॅम बरेच दिवस चालला आणि निकाल आला: बकऱ्या नीट खेळल्या तर त्याच जिंकतात, वाघाने काहीही केलं तरी. मी खुशीत माझ्या गाईड सरांकडे गेले. त्यांनी नियम वाचले, चष्मा काढला आणि वाघाला उपाशी ठेवायचा नियम कुठून आणला, असं विचारलं. मी म्हटलं, असाच खेळतात. सर मूळचे खापा गावचे. त्यांच्याकडे पहिली बकरी उतरली की वाघ तिला खायला मोकळा असे. मग मी ओळखीतल्या म्हाताऱ्या माणसांना फोन करत सुटले. उपाशी वाघ कोणाकडेच नव्हता. शेजारच्या काकांनी तर मलाच विचारलं, "मग त्याले वाघ काहून म्हणता?"

तो नियम फक्त आमच्या घरात होता. आणि आमच्या घरात बकऱ्या कायम बाबांकडे असत.

कित्येक महिन्यांत मी पहिल्यांदा मोठ्याने हसले. हसू ओसरल्यावर आत्या आठवली.

आत्या बाबांची धाकटी बहीण, भिवापूरला राहते. लहानपणापासून ती वाघ घेऊन बाबांशी खेळली आणि एकदाही जिंकली नाही. दर दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर यायची, आमच्याकडे उतरायची आणि दुपारी पट मांडायची. भावाला एकदा तरी हरवायचं, एवढं एकच तिचं राहून गेलं होतं, असं ती बाबा गेल्यावर सगळ्यांना सांगे. माझा प्रोग्रॅम बाबांच्याच नियमांनी खेळतो, हे कळल्यावर तिने फोनवर बजावलं की त्याला तयार ठेव, मी येते.

बाबांच्या स्मृतिदिनी, पुण्यानुमोदनाच्या विधीला ती आली आणि पाहुणे गेल्यावर मागे थांबली. मी पेचात पडले. तिचा वाघ जिंकणं शक्यच नव्हतं, हे मला ठाऊक होतं. एक ओळ बदलून वाघाला मोकळं सोडता आलं असतं, पण पहिलीच बकरी खाता आल्यावर तिला संशय आला असता. म्हणून नियम तसाच ठेवून लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला.

ती हरली. परत हरली. पडद्यालाच सुनावत होती, सरक ना बाप्पा, कोपऱ्यात काय करून राहिला. उत्साह काही कमी होईना. शेवटी मलाच राहवेना आणि मी सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे त्यानं मले बनवलं?"

"हो आत्या."

"जन्मभर?"

"जन्मभर."

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "मले माहीत होतं. म्हणून तर मी कधी बसली नाही त्यांच्यासंग."

आत्या एवढी हसली की पदराने डोळे पुसावे लागले. लहानपणी तिने चिडून पट उधळला तर बाबा तोंड पाडून सांगायचे की बकऱ्या सांभाळणं किती अवघड असतं, आणि ती बिचारी त्यांची समजूत काढायची. हे सांगून झाल्यावर तिने पदर खोचला. "बकऱ्या मले दे. अन् नियम त्याचाच ठेव."

मी बाजू बदलली, वाघ कम्प्युटरला दिले. कोणती बकरी कुठे ठेवायची, याचा तिने क्षणभरही विचार केला नाही. बाबांचा हात ती आयुष्यभर समोरून पाहत आली होती. आधी कडा, मग कोपरे, मधलं घर सगळ्यात शेवटी. वाघ इकडून तिकडे सरकत राहिले आणि हळूहळू त्यांना सरकायलाही जागा उरली नाही. बकऱ्या जिंकल्या, अशी ओळ पडद्यावर आली. आई कणकेच्या हातांनी बघायला बाहेर आली.

"जमलं की आत्या," मी म्हटलं.

"जमलं."

मग माउस माझ्याकडे सरकवून ती म्हणाली, "याच्यात समोर भाऊ नाही वं. मले वाघच दे."

मी पुन्हा बाजू बदलली. पहिली बकरी पटावर उतरली आणि आत्या चष्मा सारखा करून तिच्याशी भांडायला बसली.