हो, साळवे मॅडमसाठी रेवा चर्चमध्ये बोलणार आहे

साळवे मॅडम परवा गेल्या, आणि आमच्या मराठी ग्रुपवर पहिला मेसेज आला, "त्या कन्व्हर्जनवाल्या शाळेतल्या ना?"

ओम शांती त्यानंतर आलं.

म्हणून ही पोस्ट. लांब आहे. ज्यांना झोंबेल त्यांनी खुशाल अनफ्रेंड करा, मी रडणार नाही. रडायचं ते मॅडमसाठी रडून झालंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मॅडम नगरच्या, मराठी ख्रिश्चन. माझी मुलगी रेवा इथे दुबईत ज्या प्रायव्हेट क्लासिकल ख्रिश्चन शाळेत जाते, तिथे त्या लॅटिन आणि लॉजिक शिकवायच्या. डब्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी.

आम्ही हिंदू, पुण्याचे. मग ही शाळा का? खरं सांगू? घरापासून जवळ आणि वर्गात मुलं कमी. एवढंच बघितलं होतं.

ॲडमिशनच्या दिवशी मुलाखतीला मॅडमच होत्या आणि माझा नवरा नीलेश त्यांच्या प्रत्येक वाक्याला "येस मॅम, येस मॅम" करत होता. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि सरळ मराठीत सुरू केलं.

"अहो, नुसती मान डोलवू नका. नीट ऐका. इथे रोज बायबल वाचतात, रोज प्रार्थना असते. आम्ही ते खरं मानतो, म्हणून शिकवतो. पाठांतर भरपूर आहे. टॅबलेट नाही. आणि मूल घरी येऊन वाद घालणार, कारण वाद कसा घालायचा तेच आम्ही शिकवतो. आता घरी जा, दोघं भांडा, आणि मग या."

घरापर्यंत दम निघाला नाही. आम्ही पार्किंगमध्येच भांडलो.

स्वतःच्या शाळेबद्दल असं कोण सांगतं? बाकीच्या शाळांनी आम्हाला स्विमिंग पूल दाखवला होता.

पाचवीत असताना रेवाने जेवता जेवता विचारलं, "आई, इज गणपती रिअल? बिकॉज बायबल क्लासमध्ये दे सेड देअर इज ओन्ली वन गॉड."

नीलेशचा घास हातातच राहिला. "खलास. शाळा बदलायची."

दुसऱ्या दिवशी दोघंही तणतणत मॅडमकडे.

"हा प्रश्न तिला पडणारच होता," मॅडम म्हणाल्या. "माझं उत्तर मी वर्गात देते. तुमचं तुम्ही घरी द्यायचं. दिलंत का?"

"मॅडम, तुम्हीच सांगा ना तिला, की शेवटी सगळं सेमच आहे," नीलेश म्हणाला.

"मी नाही सांगणार. मला ते सेम वाटत नाही. आणि तुम्हाला काय वाटतं, ते तुम्ही अजून ठरवलेलंच नाही."

मला इतका राग आला! कारण ते खरं होतं.

त्या रविवारी नीलेशने रेवाला देवघरासमोर बसवलं. अडखळत बोलला. "देव कसा असतो मला माहीत नाही, बेटा. पण माझे बाबा आजारी होते ना, तेव्हा मी याच्यापुढे बसायचो आणि मला एकटं वाटायचं नाही."

रेवाने विचार केला. "ओके बाबा. दॅट्स अ रीझन."

लग्नाला इतकी वर्षं झाली, मलाही हे तेव्हाच कळलं.

तर पालकहो, इनबॉक्समध्ये येऊन हळूच विचारता ना, शाळा कशी आहे? अशी आहे. तुमचं मूल तुमच्यासमोर उभं राहून 'का' विचारणार. तुमच्याकडे उत्तर नसेल तर तिथे पाठवू नका. मूल बाटेल म्हणून नाही. तुमची फजिती होईल म्हणून.

आणि हो, रेवा प्रार्थनेला नुसती उभी राहते. मॅडमनीच सांगितलं होतं, पटत नसेल तर गप्प राहा, पण खोटं पुटपुटू नकोस.

काल दिलीपकाकांचा फोन आला. आमच्या गणपती मंडळाचे सर्वेसर्वा, दुबईच्या जुन्या देरा भागात ट्रेडिंगचा धंदा. माणूस वाईट नाही. आम्ही इथे आलो तेव्हा पहिलं जेवण त्यांच्याच घरी जेवलो होतो.

"मेघना, रेवा चर्चमध्ये बोलणार म्हणे? नको हं. फोटो फिरतील. यंदा गणपतीच्या कार्यक्रमाचं निवेदन तिच्याकडे आहे, लोक मला विचारतील. मग मला दुसरी मुलगी बघावी लागेल."

फोन स्पीकरवर होता. रेवा आता तेरा वर्षांची आहे. ती जवळ आली.

मॅडमच्या वर्गात वादाचा एक नियम होता. आधी समोरच्याची बाजू मांडायची, आणि ती त्याला पटेल अशी. आपली नंतर.

"काका, फर्स्ट तुमची साइड सांगते. तुम्ही इथे नवीन आलात तेव्हा यू वर एट पीपल, देऱ्यात एका रूममध्ये. फ्रिजवर गणपतीचा फोटो ठेवून तुम्ही हळू आवाजात आरती करायचात. एवढं सगळं तुम्ही टिकवलं आणि आम्ही मुलं ते सोडून देऊ, धिस इज युवर फिअर. करेक्ट?"

पलीकडून काका म्हणाले, "हो बेटा. करेक्ट."

"आता माझी. मॅडम माझ्या टीचर होत्या. निवेदन दुसऱ्या कुणाला द्यायचं तर द्या. आय विल बी सॅड. पण मी जाणार."

"इन्शाल्ला, बघू," म्हणून काकांनी फोन ठेवला.

आज सकाळी ग्रुपवर निवेदनासाठी दुसऱ्या मुलीचं नाव आलं.

रेवाने ते वाचलं. बाथरूममध्ये जाऊन रडली. मग तोंड धुऊन आली आणि भाषणाची प्रॅक्टिस करत बसली.

तर मंडळी, आज संध्याकाळी जबल अलीच्या चर्चमध्ये प्रार्थनासभा आहे. आम्ही तिघं जाणार. कुणी चोरून फोटो काढायची गरज नाही, मीच टाकणार आहे. ग्रुपवरसुद्धा.

नीलेश बर दुबई भागातल्या देवळाच्या गल्लीतून मोगऱ्याचा हार घेऊन आलाय. फुलवाल्याने विचारलं, "कौन से भगवान के लिए?" हा म्हणाला, "टीचर के लिए."

चर्चमध्ये हार चालतो की नाही, आम्ही विचारलेलं नाही. घेऊन जातोय.

मॅडम, आम्ही तुमच्या देवाचे झालो नाही. तुमचे मात्र झालो.

हात जोडून निरोप.