तारेनं बांधलेला हार

त्या सकाळी मी महादेवावर रागावलो होतो आणि माझा राग रास्तच आहे असं मला वाटत होतं. शाळेतली लेखनिकाची नोकरी संपल्यावर घेतलेली माझी पहिलीवहिली गाडी. दसऱ्याला मी ती स्वतः धुतली, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. आदल्या वर्षी चाकांचे झेंडूचे हार आमच्या उंद्री गावाची वेस ओलांडायच्या आतच गळून पडले होते, म्हणून या खेपेला पक्कड घेऊन तारेनं आवळले. एवढं करून पंधरा दिवसांत स्टिअरिंगसमोर तीन दिवे पेटले. ब्रेकचा लाल, एबीएसचा पिवळा आणि घसरत्या गाडीचं चित्र असलेला तिसरा. भक्तीचं हे फळ?

गॅरेजवाल्याचा तर अजून संताप येतो. त्यानं चाकाकडे पाहिलंसुद्धा नाही. लॅपटॉप जोडला, सेन्सरची तक्रार आहे म्हणाला, ब्रेकचं तेल वरून भरलं आणि दिवे घालवले. तेल कमी का झालं, असं मी विचारलं तर हसला. म्हणाला, "काका, दिवे गेले ना? मंग काऊन टेन्शन घेता?"

माझी मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आठवा महिना. तिला तपासणीसाठी खामगावला न्यायचं होतं. गाव मागे पडलं न पडलं तोच तिन्ही दिवे पुन्हा पेटले. मागच्या सीटवर लेक आणि पुढे उतार. मी मनातल्या मनात देवाला नाही नाही ते बोललो. इतकी वर्षं दर सोमवारी बेल वाहिला तो कशाला? उताराच्या तोंडाशी महादेवाचं छोटं देऊळ आहे, तिथं थांबल्याशिवाय मी कधी पुढे गेलेलो नाही. त्या दिवशी मात्र ठरवलं, थांबायचं नाही. पण लेक म्हणाली, "बाबा, थांबा न जरा. पाय अवघडले माहे." मी तिच्यासाठी थांबलो, देवासाठी नाही. ती दर्शनाला गेली आणि मी घुम्यासारखा गाडीतच बसून राहिलो.

तिथं वांग्यांचं पोतं घेऊन एक म्हातारा एसटीची वाट पाहत होता. तो गाडीजवळ आला तेव्हा मला वाटलं, फुकट बसायला जागा मागणार. मी आधीच तुसडेपणानं सांगितलं की जागा नाही. तो तसाच पुढच्या चाकाशी उकिडवा बसला, आतल्या बाजूला बोट फिरवलं आणि ते ओलं बोट मला दाखवलं.

"तेल टपकून राह्यलं, साहेब. गाडी खाली नेऊ नका."

मी उतरून वाकलो. हाराची फुलं केव्हाच झडली होती, पण तार होती. तिचं टोक आत वळलं होतं. त्या टोकानं चाकाच्या सेन्सरची वायर तोडली होती आणि ब्रेकचा रबरी पाइप कुरतडत आणला होता. इतके दिवस मी देवाला, गॅरेजवाल्याला, गाडी बनवणाऱ्याला शिव्या घालत होतो, आणि ती गाठ माझ्याच पकडीची होती.

म्हाताऱ्यानं विचारलं, "हार तारेनं कोनं बांधला?"

"मी," एवढंच तोंडातून निघालं.

"देवाचा हार सुतानं बांधावा. सुकला का आपसूक पडते. त्याले जखडून काऊन ठेवता?"

तेवढ्यात एसटी आली. लेक दर्शन घेऊन आली होती. गाडी तिथंच कुलूप लावून सोडली आणि आम्ही बापलेक त्याच्याबरोबर बसमध्ये चढलो. म्हाताऱ्यानं मिळालेली जागा माझ्या लेकीला दिली आणि स्वतः पोत्यावर बसला. मी त्याची माफीही मागितली नाही, लाजच इतकी वाटत होती. खामगावच्या स्टँडवर तो गर्दीत दिसेनासा झाला. नावगाव विचारायचं राहूनच गेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळ सुखरूप आहे, तेव्हा मला तिथंच रडू आलं.

दुसऱ्या दिवशी वेगळ्या गॅरेजच्या मेकॅनिकला घेऊन मी देवळापाशी गेलो. त्यानं उभ्या गाडीतच ब्रेक जोरात दाबला. पाइप फाटला आणि पेडल तळाला टेकलं.

तो म्हातारा कोण होता यावर मी कुणाशी वाद घालत नाही. यंदा दसऱ्याच्या पूजेला नात माझ्या मांडीवर होती. हार मी साध्या सुतानं बांधले. वेशीपाशी एक गळून पडला, तो मला आरशात दिसला. त्याच्यासाठी मी गाडी थांबवली नाही. महादेवापाशी मात्र थांबलो.