कोयनेल आणि बीजगणित

परवा माळ्यावर औषधाची जुनी बाटली सापडली. डोसांच्या खुणांची कातरलेली कागदी पट्टी अजून तिला चिकटलेली होती, आणि बूच काढण्याआधीच माझ्या जिभेवर कडू कोयनेल, म्हणजे क्विनीन, आलं. वऱ्हाड मध्यप्रांतात होतं तेव्हाची गोष्ट. मॅट्रिकच्या वर्षी सुटीत घरी, धामणगाव बढ्याला, आले आणि हिवतापानं धरलं. आईनं बैलगाडीत घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नाडी पाहिली, मग माझ्या घोंगडीतून डोकावणारं बीजगणित पाहिलं. "पोरीच्या डोक्याले हे झेपत नाही, बाई. कोयनेल पाजा अन् पुस्तक बंद करा. पोरीच्या जातीले गृहशास्त्र बरं." दात वाजत होते तरी मी बोललेच, "दोन्ही एकदम केलं तर ताप कशानं गेला, हे तुमाले कसं समजन? समीकरण एक अन् अज्ञात दोन, असं गणित सुटत नसते." आई पुटपुटली, "गप राय वं, डॉक्टरले असं बोलते का?" मी पुस्तक घोंगडीत आत सरकवलं. घरी मात्र पट्टीच्या खुणेबरहुकूम औषध प्याले आणि दर घोटामागे एक वर्गसमीकरण सोडवलं. कोयनेलनं कान गुणगुणत होते, उत्तरं बरोबर येत होती. ताप उतरला तशी रिकामी बाटली घेऊन दवाखान्यात गेले. काखेत पुस्तक होतंच. डॉक्टरांनी नाडी धरली, पुस्तकाकडं पाहिलं आणि बाटली मला परत दिली. पुढं मीही डॉक्टर झाले. जन्मभर नाना तऱ्हेचे ताप पाहिले, पण पुस्तकानं आलेला अजून एकही पाहिला नाही.