शब्दावर हातोडी

दवाखान्यातल्या फायलीवाल्या बाईंना माइकसमोरची खुर्ची मिळाली आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. खुर्ची हवी होती हो! फायली घेऊन जिने चढून चढून गुडघे पार कामातून गेले होते. पण पेशंटला पुकारायचं तर विभागांची नावं घ्यायला नकोत? डोळ्यांच्या विभागाचं ‘ऑप्थॅल्मॉलॉजी’ म्हणताना जीभ मध्येच बसकण मारायची.

“सोमवारी नीट जमलं तर ठीक, नाहीतर पुन्हा फायली,” साहेबांनी सांगून टाकलं.

घरी नवरा सुतार. इंग्रजीशी छत्तीसचा आकडा, पण तोंडाची टकळी दिवसभर चालू. “अगं, एवढी लांब फळी कुणी एका दमात उचलतं का? तुकडे पाड!”

बाईंनी शब्दकोश उघडून तुकडे पाडले. ऑप्-थॅल्-मॉ-लॉ-जी. जोराची खूण ‘मॉ’वर होती. नवऱ्यानं हातोडी घेतली. दोन हलके ठोके, मग एक दणदणीत, मग पुन्हा दोन हलके. बाई मात्र पाचही तुकड्यांवर सारखाच जोर द्यायच्या.

“शब्दाशी भांडतेयस का?” नवरा म्हणायचा आणि पुन्हा ठोकायचा. दोघांनी शेजाऱ्यांना नुसता वैताग आणला.

सोमवार उजाडला. साहेब पाठीशी उभे. माइक सुरू झाला आणि बाईंची बोबडी वळली. ठोकेच नाहीत तर शब्द फुटणार कसा? शेवटी हिय्या करून त्यांनी मुठीनं टेबलच बडवलं. शब्द बाहेर पडला, अगदी झकास! पण ठोकेही सगळ्या मजल्यांवर घुमले. बाहेर हशा पिकला.

“हा दवाखाना आहे की लोहारखाना?” साहेब लालबुंद झाले.

तेवढ्यात डोळ्याला पट्टी बांधलेले एक आजोबा दारात आले. “आज कळलं बुवा कुठं जायचं ते! मागं दोनदा नंबर हुकला माझा. काय पुकारतात, काही समजायचंच नाही.”

साहेबांनी बाईंकडे वळून पाहिलं. मग म्हणाले, “बसा. खुर्ची तुमचीच. पण टेबल बडवायचं नाही.”

“मग पाय आपटू?”

साहेबांनाही हसू आवरेना. बाईंचे डोळे मात्र भरून आले. जिने सुटले एकदाचे! त्यांनी लगेच नवऱ्याला फोन लावला.

“अहो, खुर्ची पक्की झाली.”

पलीकडे सगळं शांत. दिवसभर बडबडणाऱ्या माणसाला एक शब्द फुटेना.

“बोला की हो,” बाई डोळे पुसत म्हणाल्या, “जोर कुठंही द्या.”