मामांच्या आईचं माहेर

माझ्या बायकोचे चुलत मामा जेवढ्या मेलेल्या माणसांना ओळखत, तेवढ्या जिवंत माणसांना हवेली तालुक्याचा मामलेदारही ओळखत नसेल. पिंपरीला तेव्हा नव्यानं उभ्या राहिलेल्या एका कारखान्यात ते स्टोअरकीपर होते, पण ती आपली पोटापुरती नोकरी. खरी नोकरी तालुक्याच्या कचेरीत, बिनपगारी. लोक रजा काढतात ती लग्नाला, पेरणीला, नाहीतर पाठ धरली म्हणून. मामांची सगळी रजा कचेरीच्या दप्तरखान्यात खर्ची पडायची. सायकलच्या दांडीला भाकरीचं फडकं बांधून सकाळी निघायचे आणि संध्याकाळी मिशीवर जुन्या कागदांची धूळ घेऊन शिंकत शिंकत परत यायचे. एकदा असेच चेहरा पाडून आले. मी विचारलं, "काय झालं मामा?" तर म्हणाले, "रहाटणीचे मल्हारजी गेले हो, जावईबापू. पोरं लहान आहेत सगळी." मी हळहळलो. उद्या भेटून यायला हवं, असं बायकोला म्हटलंसुद्धा. तेव्हा मामींनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, की हे मल्हारजी सत्तावनच्या बंडाच्या आधीच गेलेत. "तुम्ही जाल बापडे, पण पोरं ओळखायची नाहीत."

नवा माणूस भेटला की आपण नाव विचारतो. मामा तालुका विचारत. त्या वर्षांत आमच्याकडे सोलापूर, रत्नागिरी, बीड, कुठून कुठून माणसं कामाला येत होती आणि शिफ्ट सुटताना गेटापाशी मामांच्या तावडीत सापडत होती. "तालुका?" "माजलगाव." "आजोबा?" "वारले." "वारणारच हो! नाव काय त्यांचं?" दमून आलेला तो बिचारा आजोबांचं नाव आठवत उभा राही, आणि त्याची शेवटची बस निघून जाई. पुढे पुढे मामा दिसले की कामगार लांबूनच आपलं सात पिढ्यांचं ओरडून सांगत आणि पळत.

आपल्यात थोरल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. त्यामुळे कागदात रामजीचा गणोजी, गणोजीचा रामजी, त्याचा परत गणोजी, असा रहाट फिरत असतो. त्या रहाटात मामा एकदा असे अडकले, की मामींच्या माहेरच्या वंशवृक्षात एक गणोजी सव्वाशे वर्षं जगले आणि ऐन म्हातारपणी त्यांना लागोपाठ मुलगे होत राहिले. मामा कित्येक दिवस त्या गणोजींच्या प्रकृतीचं कौतुक सांगत हिंडले. शेवटी मामी म्हणाल्या, "अहो, दोघं असतील ते, आजा आणि नातू. आणि एवढं झाड काढलंत माझ्या माहेरचं, त्यात मी कुठाय?" मामा भिंतीवरच्या झाडाकडे बघत राहिले. म्हणाले, "बायकांची नोंद नसते गं दप्तरात." "मी दप्तरात नाहीच मुळी. चुलीपाशी आहे. विचारायचं होतंत."

ह्या सगळ्या वेडाच्या मुळाशी एक जागा रिकामी होती, आणि ती मामांच्या स्वतःच्या झाडात होती. त्यांची आई त्यांच्या जन्माच्या वेळीच गेली. वडीलही मागोमाग गेले. चुलत्यांनी वाढवलं, पण आईच्या माहेराशी त्यांचं काय बिनसलं होतं कोण जाणे, त्या घराचं नावही ते काढत नसत. "खेडकडची होती," एवढंच. तिचं सासरचं नाव सरस्वती. ते लग्नात ठेवलेलं. त्याआधीचं नाव, तिच्या बापाचं नाव, गाव, काहीच ठाऊक नाही. एरवी अडत नव्हतं, पण पितृपंधरवड्यात म्हाळाच्या दिवशी अडायचं. वडील, आजे, पणजे अशी नावं मामा खणखणीत सांगत जायचे. मग भटजी विचारायचे, "आईच्या वडलांचं नाव?" आणि तालुक्याचे पूर्वज तोंडपाठ असलेला हा माणूस मान खाली घालायचा. "नसलं माहीत तरी चालतं हो," भटजी म्हणायचे. मामांना ते चालत नव्हतं. ज्याच्या लेकीनं आपल्याला जन्म देताना जीव दिला, त्याला आपण नाव घेऊन घोटभर पाणी देऊ शकत नाही, ह्याची त्यांना लाज वाटायची.

म्हणून खेडच्या कचेरीत ते जन्माची जुनी रजिस्टरं चाळत बसायचे. आणि तिथं गंमत अशी, की मुलीचं नाव ठेवायचं बाराव्या दिवशी आणि नोंद व्हायची त्याच्या आधी. त्यामुळे पान उलटावं तिथं बापाचं नाव आणि पुढे नुसतं 'मुलगी'. त्यातली कुठली आपली? मामांनी लग्नांची, मरणांची नोंद ताडून, विचारपूस करून, गावंच्या गावं गाळली. मी त्यांची फार थट्टा केली. मोकळेपणानं सांगायचं तर टाळायचोसुद्धा. ते येताना दिसले की मी पुष्कळदा मागच्या दारानं सटकलेलो आहे, आणि बायकोला "घरी नाहीत" म्हणायला लावलेलं आहे. माझे स्वतःचे आईवडील कोकणात एकटे होते. पूर्वजांच्या मागे धावणारा हा माणूस बघितला की मला आपल्या मागे राहिलेल्यांची आठवण व्हायची, आणि ती मला नको असायची. हे तेव्हा मी कुणाला बोललो नाही.

एका रविवारी मात्र त्यांनी मला गाठलंच. चाकणच्या पुढच्या एका गावातलं एकच घर आता उरलं होतं. सोबत म्हणून मला नेलं. वाटेत मला म्हणाले, "एक अडचण आहे, पण तिचा बंदोबस्त केलाय." अडचण खरीच होती. लेकींनाही बापाच्या इस्टेटीत वाटा मिळणार, असा कायदा नुकताच झाला होता. कारखाने येणार म्हणून जमिनीला भाव चढत होता. अशा दिवसांत कोणी परका येऊन "तुमच्या आजोबांना मुलगी होती का?" असं विचारू लागला, तर घरातला माणूस आधी दार लावणार. मामांचा बंदोबस्त असा, की त्यांनी स्टँपाचा कागद विकत घेऊन त्यावर "मला तुमच्या जमिनीत कसलाही वाटा नको" असं आधीच लिहून आणलं होतं.

ओसरीवर घरातला कर्ता माणूस बसला होता. चांगला बोलत होता, गुळाचा चहा सांगितला होता. मामांनी विषय काढायच्या आधीच खिशातून तो कागद काढून त्याच्या हातात दिला. त्या माणसानं वरचा शिक्का बघितला आणि उठून उभा राहिला.

"ह्ये काय हाय?"

"काही नाही हो. मला तुमच्या जमिनीत वाटा नको, असं लिहिलंय."

"वाटा न्हाई, तर नको कशाला म्हन्ता?"

"तुमच्या आजोबांना एक मुलगी होती..." मामांनी सुरुवात केली.

"न्हवती. आमच्यात पोरगीच न्हवती कवा. व्हय का रं?" आतून कोणीतरी न विचारता "न्हवती!" म्हणून ओरडलं. चहा आलाच नाही. मामा त्याला समजवायला लागले तसा त्यानं कागद परत त्यांच्या हातात कोंबला आणि तो वकिलाचं नाव घ्यायला लागला. शेवटी मीच मामांना दंडाला धरून बाहेर काढलं. वेशीपर्यंत मीच बोलत होतो. रजिस्टरं संपली होती. आता कुठे शोधणार, हे त्यांच्या पाठीवरही दिसत होतं.

वेशीजवळच्या विहिरीपाशी मागून हाक आली, "ओ पाव्हनं!" एक ऐंशीच्या घरातली म्हातारी काठी टेकत, धापा टाकत आली होती. त्याच घरातली, त्या कर्त्याची आई. "पोरगं भ्यालंय माजं," म्हणाली. "कुनाची चवकशी करत व्हता?" मामांनी रजिस्टरातलं नाव उच्चारलं, "दौलतजी..." आणि म्हातारीनं झटकन पदर डोक्यावरून पुढं ओढला. मामांनी माझं मनगट घट्ट धरलं. "सून आहे," माझ्या कानात म्हणाले. सासऱ्याचं नाव कानावर पडलं, म्हणून पदर.

"त्यांना मुलगी होती?"

"व्हती की. वन्सं आमच्या. मी लगीन हून आले तवा बारकी व्हते, त्याबी बारक्याच. दोघी सागरगोटं खेळायचो. मला जिंकू द्यायच्या न्हाईत." ती हसली. "हवेलीकडं दिली. बाळंतपनात गेली म्हून सांगावा आला. मामंजी रडलं व्हतं. पोर जगलं का न्हाई, त्ये न्हाई कुनी सांगितलं."

"जगलं," मामा म्हणाले.

म्हातारीनं त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. मग त्यांच्या हाताला हात लावून म्हणाली, "ठकी म्हनायचो आमी तिला. मी सांगितलं म्हून घरात बोलू नगा हां."

मामांनी तो स्टँपाचा कागद तिच्या हातात दिला. "तुमच्या मुलाला द्या. म्हणावं, सही केलेली आहे. निवांत झोपा."

त्या वर्षी म्हाळाला मी आपणहून गेलो. आईच्या वडलांचं नाव विचारणं भटजींनी एव्हाना सोडूनच दिलं होतं. ते पुढे सरकणार इतक्यात मामा एवढ्या जोरात "दौलतजी!" म्हणाले, की भटजींच्या हातातली पळी ताम्हनात पडली आणि मामी स्वयंपाकघरातून धावत आल्या.

जेवणं झाल्यावर आम्ही दोघं पवनेच्या काठानं पाय मोकळे करायला गेलो. मला वाटलं, मामा आज तालुकाभर सांगत सुटतील. पण ते म्हणाले, "जावईबापू, एवढी वर्षं मी शोधलं, आणि नाव सापडलं. पण आता त्याचं करायचं काय? आईला कोणी नावानं हाक मारतं का?"

मामा चालत राहिले. थोड्या अंतरावर, मी ऐकत नाही अशा समजुतीनं, नदीकडे तोंड करून त्यांनी हळूच हाक मारली. "आई," एवढीच.