एका वेळी एकच त्रुटी

मी एका बाईला भर कचेरीत उभं करून पेपर वाचायला लावला. चूक माझी आहे. हे आधीच लिहून टाकतो, कारण नंतर सबबी सुचतात.

नांदेडची एक सरकारी कचेरी. दुपारची वेळ. माझ्या टेबलासमोर दहा-बारा माणसं. त्यांत हेमाबाई. सिंधमधून आलेली बाई. इथं आल्यावर दोन वर्षांत नवरा गेला. ती ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल-पिको करते. तिचा आणि तिच्या मुलीचा नागरिकत्वाचा अर्ज माझ्याकडं होता. मुलगी पूनम. सहा वर्षांची असताना आईबापाबरोबर आली, आता बारावीला. पोलिसांची परवानगी काढून लातूरला खोली करून शिकवणीला राहायची. दिवाळीच्या सुट्टीत आली होती, म्हणून त्या दिवशी आईसोबत होती.

मी म्हणालो, "भाषेचा पुरावा लागतो. इथली भाषा येते हे दाखवावं लागतं."

"साहेब, येते ना मला मराठी. तुमच्याशी मराठीच बोलून राहिले."

टेबलावर कुणाचा तरी पेपर पडला होता. मी तो तिच्यासमोर सरकवला.

"मग वाचा. मोठ्यानं."

असं वाचून घ्यायचं कोणत्याच नियमात नाही. पुरावा कागदाचा लागतो. मला ते माहीत होतं. तरी म्हणालो.

तिनं पिशवी खाली ठेवली. साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी, कागदांनी फुगलेली. त्यातून चष्मा काढून लावला आणि उभ्यानं वाचायला लागली. लातूरच्या बाजारात सोयाबीनची आवक वाढल्याची बातमी होती. पहिली ओळ नीट गेली. दुसऱ्या ओळीत 'प्रतिक्विंटल' आलं. ती अडखळली. परत सुरू केलं. परत अडखळली. मागून कुणीतरी हसलं. मग शेजारच्या टेबलावरचा हसला. मग मी हसलो. आणि मी हसलो म्हटल्यावर सगळेच हसले.

मग ती स्वतः हसली. पेपर हातात धरून, आमच्याकडं बघत, आमच्यातलीच एक असल्यासारखी.

तेव्हा पूनम बोलली. मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"मम्मी, हसू नको."

पोरीनं आईच्या हातातून पेपर घेतला, घडी घातली, माझ्यासमोर ठेवला. माझ्याकडं बघितलं. रागानंही नाही. माणूस नीट लक्षात ठेवायचा असला की बघतात तसं.

मी मान खाली घालून पत्र लिहायला घेतलं. 'भाषाज्ञानाचा पुरावा जोडलेला नाही.' तारीख. सही.

हे पत्र म्हणजे त्रुटीपत्र. अर्जात काय कमी आहे ते कळवायचं पत्र. ते काढण्याची आमची एक रीत आहे, ती सांगितल्याशिवाय माझी चूक पूर्ण कळायची नाही.

दर महिन्याच्या अखेरीला प्रत्येक टेबलाला किती प्रकरणं पडून आहेत ते वर कळवावं लागतं. प्रकरण पडून असलं तर जाब द्यावा लागतो. पण त्रुटीपत्र काढलं की ते प्रकरण माझ्याकडं पडून नाही, अर्जदाराकडं पडून आहे, असं धरतात. म्हणून महिनाअखेर आली की पत्र. बाई कागद आणून देते. पुढची महिनाअखेर. दुसरं पत्र. मी नवा होतो तेव्हा माझ्या आधीच्या कारकुनानं मला हे शिकवलं होतं. चहा पाजून शिकवलं होतं.

"एका दमात सगळं सांगितलं की माणूस एका दमात सगळं आणतो," तो म्हणाला होता. "मग काम करावं लागतं. एका वेळी एकच त्रुटी."

मी ते पक्कं शिकलो. इतकं पक्कं की प्रलंबित शून्य म्हणून माझा कचेरीत सत्कार झाला. गुलाबाचं फूल आणि प्रशस्तिपत्र. ते मी घरी फ्रेम करून लावलं. त्या शून्यात हेमाबाई होती. प्रत्येक वेळी मी तिला एकच वाक्य सांगायचो.

"आज एवढं आणा. पुढचं पुढं सांगतो."

हे वाक्य माझं नव्हतं. कुणाचं होतं ते मला 'हसू नको' ऐकल्यावर आठवलं.

मी याच जिल्ह्यातल्या इस्लापूरकडचा. आम्ही बौद्ध. घरात पहिला बारावी पास झालेला मी. कॉलेजच्या प्रवेशाला जातीचा दाखला पाहिजे होता आणि त्यासाठी माझा बाप तालुक्याच्या कचेरीत खेटे घालत होता. मजुरी बुडवून. एकदा मी सोबत गेलो. बापानं धोतराच्या घडीत एक कागद जपून आणला होता. आजोबाच्या नावाचा, निजामाच्या काळातला, उर्दूत लिहिलेला. कारकून शहरातल्या शिकलेल्या घरातला. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन. त्यानं कागद उलटसुलट केला आणि बापाच्या हातात परत दिला.

"वाच बरं काय लिहिलंय. तुझ्याच बापाचा कागद आहे ना?"

माझ्या बापाला कोणतीच लिपी येत नव्हती.

"सायेब, मला कुठं येतंय," बाप म्हणाला.

"वाच की. आम्हालाही कळू दे तुझं खानदान."

कचेरी हसली. त्या कारकुनालाही उर्दू येत नव्हती. पण हसायचा हक्क त्याच्याकडं होता. आणि मग माझा बाप हसला. कागद छातीशी धरून, सगळ्यांकडं बघत, दात दाखवून हसला.

"आज तलाठ्याचं आण," कारकून म्हणाला. "पुढचं पुढं सांगतो."

"हाव सायेब," बाप म्हणाला.

मी तिथंच उभा होतो. अठरा वर्षांचा, बारावी पास. मी काहीच बोललो नाही. खरं सांगायचं तर मला त्या कारकुनाचा राग आला नाही. मला बापाची लाज वाटली. परतीच्या एसटीत मी त्याच्या शेजारी बसलो नाही. मागं जाऊन बसलो. तो अधूनमधून वळून बघत होता, मी बसलोय का म्हणून.

पूनमनं तीन शब्दांत जे केलं ते मला त्या दिवशी जमलं नाही. आणि पुढं ज्या बाजूला ती पांढऱ्या शर्टाची खुर्ची होती, त्या बाजूला जाऊन मी बसलो. तेच वाक्य घेऊन.

वाचणाऱ्याला वाटेल की एवढं आठवल्यावर माणूस सुधारला असेल. नाही सुधारला. पुढची महिनाअखेर आली. मी पत्र काढलं. त्याच्या पुढची आली. पुन्हा काढलं. हात सवयीनं चालत होता. हेमाबाई येत होती, बाकड्यावर बसत होती, कागद देत होती, जात होती. नमस्कार मात्र पूर्वीसारखाच करायची. तो मला घ्यावा वाटत नव्हता, पण मी घेत होतो.

उन्हाळ्यानंतर ती पेढे घेऊन आली. एकटीच.

"साहेब, पूनमला चांगले मार्क पडले. सरकारी कॉलेजात डॉक्टरीला नंबर लागते म्हणतात. फक्त नागरिकत्वाचं कागद मागून राहिले."

"किती दिवस आहेत?"

"तीन आठवडे."

पेढा तोंडात होता.

ती गेल्यावर मी तिची फाइल पहिल्या पानापासून उघडली. तोवर मी ती कधी पहिल्या पानापासून वाचलीच नव्हती. नेहमी वरचं पान बघायचो. माझ्या सहीची अकरा पत्रं निघाली. त्यातल्या पाच पत्रांत मागितलेले कागद आधीच फाइलीत होते. पाच वेळा मी त्या बाईकडून तेच ते पुन्हा आणवलं होतं. राहिलेली सहा पत्रं मिळून एक पान झालं असतं.

मध्ये एका अर्जाची प्रत होती. तिच्या हातची, वाकड्या अक्षरांत, मराठीत. नागरिकत्व मिळेपर्यंत या लोकांना शहर सोडायचं तर पोलिसांची परवानगी लागते. पूनम लातूरला तापानं दवाखान्यात भरती होती आणि आईला जायची परवानगी पाहिजे होती. 'मुलगी एकटी आहे, दोन दिवसाची परवानगी द्यावी ही विनंती.' परवानगी पाचव्या दिवशी मिळाल्याचं खाली नोंदवलेलं होतं. लातूर म्हणजे आपल्याला एसटीचे तीन-साडेतीन तास. डबा घेऊन बसावं आणि जावं. ती चार दिवस इथं मशीनवर बसून फोनची वाट बघत होती. या काळात मी तिला कोणतं पत्र पाठवलं होतं ते मी तारखा लावून बघितलं. रहिवासाचा पुरावा मागितला होता. ती इथंच राहते याचा.

लागणारे कागद सगळे आलेलेच होते. मी फाइल पुरी केली, पुढं पाठवायची टिपणी लिहिली आणि टिपणीत खरं लिहिलं. विलंब अर्जदाराचा नाही, या टेबलाचा आहे. फाइल घेऊन साहेबांकडं गेलो.

साहेब चांगल्या घरचे. बोलणं मऊ. त्यांनी टिपणी वाचली आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"हे वाक्य काढा. आपलं प्रलंबित शून्य आहे. तुम्हीच केलंय. आता तुम्हीच त्याला काळं फासता?"

"खरं हाय ते, साहेब."

"खरं-खोटं फाइलवर लिहायचं नसतं." मग ते हसले. "तुम्हा लोकांचं हेच. सवलतीत खुर्ची मिळते, आणि बसलं की जुनं आठवायला लागतं."

असली वाक्यं मी नोकरीभर ऐकली आहेत. बढतीच्या वेळी, जेवणाच्या सुट्टीत, निरोपसमारंभात. प्रत्येक वेळी मी हसलो. साहेब हसले की मी हसायचो. तेच हसणं. दात दाखवून. बापाची लाज वाटलेला मी, अठ्ठावीस वर्षं बापाचंच हसू हसत होतो. त्यानं पोराच्या दाखल्यासाठी ते हसू काढलं. मी कशासाठी काढलं? खुर्ची तर माझीच होती.

साहेब थांबले होते. माझ्या हसण्याची वाट बघत.

मी हसलो नाही.

"वाक्य राहील, साहेब," मी म्हणालो. "तुम्हाला नको असलं तर तुमच्या सहीनं काढा."

त्यांनी काढलं नाही. सही लागते म्हटल्यावर कुणी काढत नाही. फाइल गेली. आठ दिवसांनी मला कारणे दाखवा नोटीस आली. शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "लई समाजसेवा चालू केली का काय तुम्ही?" मी त्यावरही हसलो नाही. घरी जाऊन ते फ्रेमचं प्रशस्तिपत्र खाली उतरवलं.

तीन आठवडे संपले. फाइल मंजुरीसाठी मुंबईला पोचली होती, तिथून पुढं सरकली नव्हती. पूनमची जागा गेली. यादीत तिच्यामागं असलेल्या कुणाला तरी मिळाली. वर्ष गेलं.

पुढच्या महिन्यात मायलेकी आल्या, फाइल कुठं आहे विचारायला. कचेरी भरलेली होती. मी खुर्चीतून उठलो. टेबलाच्या त्या बाजूला गेलो, जिथं अर्जदार उभे राहतात. बाकड्यावर हेमाबाई बसली होती, तीही घाईनं उठायला लागली. मी तिला बसा म्हणालो आणि सगळ्यांच्या देखत बोलायला लागलो. पेपर वाचायला लावला ते चुकलं. पत्रं काढली ते चुकलं. पोरीचं वर्ष माझ्यामुळं गेलं. मला माफ करा.

हेमाबाई गोंधळली. आजूबाजूला बघितलं. मग म्हणाली, "माफीचं मी काय करू साहेब? कागद कधी येते?"

"सांगता येत न्हाई. वाट बघावी लागंल."

"ते तर बघूनच राहिलो," ती म्हणाली.

पूनम तेव्हा बोलली. आवाज दिवाळीतलाच.

"लेखी द्या."

"काय?"

"तोंडी काय बोललात ते लेखी द्या. आमच्याकडून तुम्ही सगळं लेखीच घेतलं ना."

मागून कुणी हसलं नाही.

मी बसलो. कोरा कागद घेतला. बाकीचे टेबलाभोवती गोळा झाले होते. लिहिलं, सही केली, जावक नोंदवहीत नोंद करून नंबर टाकला, शिक्का मारला. एक प्रत तिच्या फाइलीला लावायला ठेवली. दुसरी पूनमच्या हातात दिली. तिनं ती आईला दिली.

"मम्मी, तू वाच. मोठ्यानं."

हेमाबाईनं पिशवीतून चष्मा काढला. बसूनच वाचायला लागली. मी उभा राहिलो. 'वर्तमानपत्र' शब्दावर ती अडखळली. थांबली. परत पहिल्यापासून घेतला आणि पुरा केला.

'श्रीमती हेमाबाई यांस. मी आपणास सर्वांसमोर उभे करून वर्तमानपत्र वाचावयास लावले. तसा नियम नाही. मी ते गंमत म्हणून केले. आपल्या अर्जात काय कमी आहे हे पहिल्याच दिवशी एका पत्रात सांगता आले असते. मी अकरा पत्रे काढली. त्यामुळे आपल्या मुलीचे वर्ष गेले. रीत जुनी होती म्हणून मी सुटत नाही. मी आपली व आपल्या मुलीची माफी मागतो. माफ करावेच असे नाही. मी या टेबलावर आहे तोवर एका अर्जाला एकच पत्र जाईल, आणि कोणत्याही अर्जदाराला इथे हसावे लागणार नाही.'